अल्तारावरची कणसं

सप्टेंबर संपत आला, की मला तपकिरी कागदाचा वास येतो. पावसात भिजून, उन्हात वाळून, पुन्हा भिजलेल्या कागदाचा. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नाही. नवरा म्हणतो, "एकदा सायनस दाखवून घे." पण पाऊस ओसरून उकाडा सुरू झाला, अंगाला घाम आणि भिंतींना बुरशी एकदमच यायला लागली, की तो वास येतोच. आणि मी पुन्हा बोरिवलीच्या खाडीच्या धक्क्यावर उभी असते. बावीस वर्षांची, खांद्याला शबनम, शबनममध्ये कागदी पिशव्यांचा गठ्ठा, दोन पेन्सिली, सुतळीचं रीळ आणि पोळीभाजीचा डबा. समोर तिवरांची दाटी आणि पलीकडून रमतगमत येणारी गोराईची होडी.

ऐंशीच्या दशकाची शेवटची काही वर्षं होती. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि प्रबंधासाठी मला मका लावायचा होता. मका, तोही मुंबईत! कॉलेजच्या गच्चीवर कुंड्यांत लावून पाहिला, तर कावळ्यांनी चार दिवसांत निकाल लावला. आमचे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतंच सर म्हणत असू, ते म्हणाले, "अशी जमीन शोध जिथे आसपास कुणी मका लावत नाही. बाहेरचा पराग उडत आला तर सगळं मुसळ केरात." बसच्या रांगेत उभी राहून मी विचार करत होते, की जमीन शोधायची म्हणजे नेमकं कुठे जाऊन कुणाला विचारायचं. आमच्या घरात जमीन म्हणजे फरशी.

विषय कुणाला सांगायची तर चोरीच होती. पाहुणे विचारायचे, "काय करतेस हल्ली?" मी म्हणायचे, "जागा बदलणाऱ्या जनुकांचं वर्गीकरण." मग ते आईकडे वळून पावसाबद्दल बोलायला लागायचे. खरं तर गोष्ट फार देखणी आहे, आणि मक्यात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. आम्ही शाळेत शिकलो होतो, की प्रत्येक जनुकाची जागा ठरलेली असते. पण पेशीत काही तुकडे असे असतात, की ते एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. मक्याच्या दाण्याला जांभळा रंग देणारं एक जनुक असतं. त्यात असा एखादा तुकडा जाऊन बसला, की रंग बंद पडतो आणि दाणा फटफटीत निघतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून गेला, तर तेवढ्यापुरता रंग परत येतो. फटफटीत दाण्यावर जांभळा ठिपका उमटतो. तुकडा लवकर उठला तर मोठा डाग, उशिरा उठला तर बारीक टिंब.

आता त्यातली मेख. काही तुकडे आपले आपण उठतात. काही मात्र नुसते बसून असतात, त्यांना दुसऱ्या कुणी हाक मारावी लागते. आणि ऐऱ्यागैऱ्याच्या हाकेला ते दाद देत नाहीत, आपल्या घराण्यातल्या तुकड्याचीच हाक ओळखतात. म्हणून कुठला तुकडा कुणाच्या हाकेला उठतो हे बघायचं आणि त्यावरून त्याचं घराणं लावायचं. हे पहिल्यांदा एका बाईला मक्याच्या शेतात उभं राहून उमगलं होतं, आणि लोकांनी बरीच वर्षं ते ऐकून सोडून दिलं होतं. सर हे सांगताना नेहमी माझ्याकडे बघायचे. का बघायचे हे मला तेव्हा कळत नसे.

परदेशातल्या कुणा मित्राकडून सरांनी टपालाने तीन पुड्या मागवल्या होत्या. एकीत फटफटीत दाणे होते. त्यांच्यातल्या तुकड्याचं घराणं कुणालाच माहीत नव्हतं आणि तेच मला शोधायचं होतं. उरलेल्या दोन पुड्यांत हाक मारणारे दोन बाप होते, दोन वेगवेगळ्या घराण्यांचे. एकाचा दाणा पिवळा, दुसऱ्याचा पांढरा. फटफटीत दाण्यांपासून आलेली रोपं ही आई. तिच्या निम्म्या कणसांवर एका बापाचा पराग टाकायचा, निम्म्यांवर दुसऱ्याचा. ज्याच्या कणसांवर ठिपके येतील, त्याचं घराणं. एवढंच काम, पण त्याला एक अख्खा पावसाळा लागतो, कारण मक्याला घाई करा असं सांगता येत नाही.

आणि माझ्याकडे एकच पावसाळा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात होते. सरळ, कमी बोलणारे, बाराही महिने शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ते मला विरोध करत नव्हते. विरोध करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, ते मुदत घालायचे. "एक पावसाळा," ते म्हणाले होते. "त्यात झालं तर झालं. दिवाळीनंतर मुलुंडच्या मंडळींना मी बोलावणार आहे." मुलुंडची मंडळी म्हणजे एक स्थळ. मुलगा बँकेत होता, उंच होता, आणि मला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं. प्रबंध झाला तर सर मला पुढच्या संशोधनासाठी दक्षिणेत पाठवायला तयार होते. नाही झाला तर मुलुंड. मुलुंडविरुद्ध माझं काही नाही, आजही नाही. पण बाविसाव्या वर्षी ते नाव निघालं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

जमीन शेवटी दारातच आली. फिलोमावशी दर दोन दिवसांनी आमच्या बिल्डिंगमध्ये भाजी घेऊन यायची. गोराईहून होडीने खाडी ओलांडून, मग बसने. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं, आणि पडवळ मोडून दाखवायची अशी पद्धत, की गिऱ्हाइकाने पुढे बोलूच नये. माझ्या लहानपणापासून मी तिला मावशी म्हणत आले होते आणि ती मला नलू. एकदा ती पायरीवर टेकून चहा पीत होती, तेव्हा मी सगळा धीर एकवटून तिला शेताचा एक कोपरा मागितला.

"काय लावशील?"

"मका."

"खायाला?"

"नाही गं. बघायला."

"मंग टीवी घे ना," मावशी म्हणाली आणि बशीतला चहा संपवला. दुसऱ्या दिवशी येताना तिने निरोप आणला, की विहिरीकडचा कोपरा नांगरून ठेवलाय.

तो पावसाळा मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पोटरीपर्यंत चिखल. चर्चची घंटा, जी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी बांधावर बसल्यासारखी जवळून ऐकू यायची, तर कधी येतच नसे. भाताच्या हिरव्या पट्ट्याच्या टोकाला माझी मक्याची फळी, गर्दीत चुकून शिरलेल्या उंच पाहुण्यांसारखी. ऑगस्टमध्ये कणसांना केस फुटायच्या आधी प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवायची, बापांच्या तुऱ्यांवर दुसरी. मग तुऱ्याच्या पिशवीत जमलेला पराग घेऊन तो त्या त्या कणसावर झटकायचा आणि पिशवी पुन्हा बंद. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधायची. तिच्यावर पेन्सिलीने नंबर आणि बाप. शाई पावसात पळते. छत्तीस कणसं होती, आणि मी बसमध्ये, होडीत, जेवताना छत्तीस वेळा त्यांची नावं घोकायचे.

मावशी बांधावर बसून हे सगळं बघायची. "ह्यांना टोपरी कनाला घातलंस? सर्दी व्हईल काय?" चिठ्ठ्या बघून म्हणाली, "आनि बापाचा नाव पन लिवलंस? शालेत घालतंस जनू." मी चिडायचे. माझ्या चिठ्ठ्यांना कुणी हसलेलं मला चालत नसे. मी तशीच होते, अजूनही थोडी आहे. डब्यांवर नावं, पुस्तकांवर नंबर, आणि जे चिठ्ठीवर लिहिलंय तेच खरं. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बियाणं निवडताना ती दाणा उजेडाकडे धरून त्याचं बूड बघायची, दातांनी चावून बघायची, आणि मगच मडक्यात टाकायची. हे मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे, तिकडे बघून माझ्या वहीत तोंड खुपसत होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला मलेरिया झाला. दात वाजवणारी थंडी, मग ताप, मग घाम, पुन्हा थंडी. दहा-बारा दिवस मी अंथरुणातून उठले नाही. कणसं तयार होत आली होती, पण मका वाळत उभा राहिला तर काही बिघडत नाही, एवढं मला माहीत होतं. मी निर्धास्त होते. तापात एवढीच एक गोष्ट सुखाची होती.

जी गोष्ट मला माहीत नव्हती, ती गोराईत शेंबड्या पोरालाही माहीत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथे आगेरा असतो. नवं पीक आधी चर्चमध्ये नेतात. भाताच्या लोंब्यांच्या जुड्या वाजतगाजत जातात, फादर त्यांच्यावर पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, आणि मग त्या लोंब्या घराघरांत वाटल्या जातात. लोक त्या आपल्या अल्तारावर, म्हणजे घरातल्या देवाच्या फळीवर, पुढच्या आगेऱ्यापर्यंत जपून ठेवतात. हा आशीर्वाद होईपर्यंत नवं धान्य कुणी तोंडात घालत नाही. पंधरा-सोळा वर्षं आम्ही त्या बाईच्या हातची भाजी खात होतो, आणि तिचा सण कुठला हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारी अंगात जेमतेम बळ आल्यावर मी होडीत बसले. विहिरीकडच्या कोपऱ्यात मक्याची ताटं उभी होती आणि त्यांच्यावर एकही कणीस नव्हतं. पिशव्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. मला वाटलं, चोरी झाली. धावत मावशीच्या घरी गेले, तर ती हसतमुखाने दारात आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "उतारला ना ताप? मीं मागितला देवाकरं."

"मावशी, माझी कणसं?"

"गेली ना आगेऱ्याला! सगल्यांनी बगितली. फादर बोलले, असा रंगीत मका कंदी देखला नाय. घराघरांत दिली एकेक."

"चिठ्ठ्या?"

"चिट्ट्या काढल्या. पिशव्या पन. देवाला असा कोंबलेला माल देव काय? दुकान हाय?"

मी काय काय बोलले ते सगळं आता लिहीत नाही. "तू माझी वाट लावलीस" हे बोलले. "एवढी अडाणी असशील असं वाटलं नव्हतं" हेही बोलले. तिच्या दारात, तिच्या सुनेसमोर, त्या वयाच्या बाईला. मावशीचं हसू हळूहळू गेलं. ती आत जाऊन गादीखालून माझ्या पिशव्या घेऊन आली. छत्तीसच्या छत्तीस, हाताने दाबून सपाट केलेल्या, आणि चिठ्ठ्यांची सुतळीत ओवलेली एक जुडी. "कागद चांगला होता," ती म्हणाली. "तुना परत लागंल म्हनून ठेवला." मग जुडी माझ्या हातात देत: "पयलं पीक तुझं. माज्या शेतात पिकला, त्यो पयला देवाचा. मना दुसरा काय म्हायत?"

मी जुडी घेऊन निघाले. होडीत बसून रडले. चिठ्ठ्या सगळ्या होत्या, कणसं सगळी होती, फक्त कुठली चिठ्ठी कुठल्या कणसाची हे देवालाच माहीत होतं. बाप कोण ते कळल्याशिवाय ठिपक्यांना काही अर्थ नव्हता.

घरी अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं, मग मुलुंडला कळवतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकूण किती कणसं?"

"छत्तीस."

"गावात घरं किती?"

"मला काय माहीत!"

"आमच्याकडे फाईल हरवली तर आम्ही आधी टेबलं मोजतो," अण्णा म्हणाले. "रविवारी मी येतो तुझ्याबरोबर. तुझ्यात अजून चालायचं बळ नाही."

आज हे आठवताना मला अण्णांचा तो रविवारचा अवतार डोळ्यांसमोर दिसतो. इस्त्रीचा पायजमा, डोक्यावर टोपी, छत्री, आणि काखेत कचेरीत वापरतात तसं लांबुळकं रजिस्टर. चातुर्मास चालू होता. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा बंद. सुक्या बोंबलांच्या रांगा वाळत घातलेल्या गल्लीतून ते नाकाला रुमाल न लावता चालले. त्याला किती कष्ट पडले असतील ते मलाच माहीत.

मावशीच्या घरी गेलो तर ती माझ्याशी बोलेना. अण्णांना "बसा भाऊ" म्हणाली, पाणी दिलं, माझ्यापुढे तांब्या ठेवला आणि तोंड फिरवलं. मी उभीच राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी चुकले. मी तसं बोलायला नको होतं." खरंच तसं वाटत होतं, आठ दिवस दुसरं काही वाटतच नव्हतं. मावशी उठली. मग अल्तारावरून, मेरीमातेच्या तसबिरीपुढून, लोंब्यांबरोबर ठेवलेलं तिच्या घरचं कणीस तिने उचललं आणि दारातल्या उजेडात धरलं.

"तू एक सांग," ती म्हणाली. "ही सगली कनसं एका बापाची नायत ना?"

"नाहीत. दोन बाप आहेत. पण कुठलं कुणाचं ते..."

"मंग रडतंस कनाला? दिसतंय की. ह्या दान्याचा जांभला सोड, खालचा बग. हा हाडावानी पांडरा. आनि शेजारच्या मार्तिनकरं हाय ना, त्याचा बूड हलदीचा. मीं वाटताना तवाच बगितला. दोन बापांची हायत."

मी कणीस हातात घेतलं. भिंग काढायचंही सुचलं नाही. जून महिन्यात दोन्ही पुड्यांतले दाणे मी स्वतः तळहातावर घेऊन बघितले होते, एकीतले पिवळे, दुसरीतले पांढरे. बापाचा तो रंग दाण्याच्या पोटात त्याच हंगामात उतरतो हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण चिठ्ठी होती ना! चिठ्ठी असताना दाण्याचं पोट कोण बघतो? आणि चिठ्ठ्या गेल्या, तेव्हा माझ्या डोक्यातून सगळंच गेलं. मी मावशीला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड गो, लुगडं चुरगाललं," पण तिने सोडलं नाही.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही तिघं गोराईत घरोघर फिरलो. मावशी पुढे, कारण तिच्याशिवाय कुणी अल्तारापर्यंत जाऊ दिलं नसतं. आशीर्वाद दिलेलं कणीस परत द्यायला एकही घर तयार नव्हतं, आणि आता मला ते मागायचंही नव्हतं. घरची बाई कणीस हातात धरून हळूहळू फिरवायची, मी भिंग लावून ओळीने दाणे मोजायचे, ठिपक्यांचे किती, साधे किती, खालचा रंग कुठला. अण्णा स्टुलावर बसून रजिस्टरमध्ये घराचं नाव, बाईचं नाव आणि आकडे लिहायचे. एका घरात एक म्हातारी आजी होती. मी ओठ हलवत दाणे मोजतेय हे बघून तिला वाटलं, मी प्रार्थना करतेय. तिनेही जपमाळ काढली आणि माझ्या प्रत्येक ओळीला तिचा एक मणी असं आम्ही दोघींनी ते कणीस पूर्ण केलं. अण्णा लिहायचे थांबले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

खायला घातल्याशिवाय कुठलंच घर सोडत नव्हतं. पहिल्या रविवारी अण्णा फक्त पाणी प्यायले. दुसऱ्या रविवारी चौथ्या घरात त्यांच्यापुढे गरमागरम फुगे आले, तळलेले, गोल, हातात घेतले की मऊ उसासा टाकणारे. "गव्हाचेच आहेत ना?" अण्णांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "गव्हाचेच." अण्णांनी एक खाल्ला. मग तीन. पीठ फुगवायला त्यात ताडी घालतात हे मला मावशीने आधीच सांगितलेलं होतं. मी ते अण्णांना त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही नाही.

छत्तीसपैकी एकतीस कणसं सापडली. एक कोंबड्यांनी खाल्लं होतं, दोन लेकींबरोबर वसईला गेली होती, दोनांचा पत्ता लागला नाही. पांढऱ्या बुडाच्या चौदाही कणसांवर जांभळे ठिपके होते. पिवळ्या बुडाच्या सतरांपैकी चौदा साफ कोरी. म्हणजे माझा अनोळखी तुकडा पांढऱ्या बापाच्या हाकेला उठत होता. त्याचं घराणं लागलं. मी मार्तिनच्या अंगणात उभी राहून मोठ्याने हसले, आणि मावशीने सगळ्यांना सांगितलं, की पोरीच्या मक्याला आजोबा मिळाले.

सर नंतर म्हणाले, "जसं झालं तसंच लिही. लपवलंस तर सही करणार नाही." म्हणून माझ्या प्रबंधातल्या मुख्य तक्त्याच्या पहिल्या रकान्यात नंबरांऐवजी घरांची नावं आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते बघून विचारलं, "नमुने कुठे ठेवले आहेत?" मी म्हटलं, "अल्तारांवर, सर." 

आता हे काम कुणी शेतात उभं राहून करत नाही. माणसाच्या पेशीतही असे तुकडे ढिगांनी निघाले, भाताच्या, माशाच्या, सगळ्यांच्या. आता त्यांचे दोन मोठे वर्ग सांगतात. एका वर्गातले जागचे हलत नाहीत, आपली नक्कल करून तिला दुसरीकडे धाडतात. दुसऱ्यातले बाडबिस्तरा उचलून स्वतःच जातात. माझ्या धाकट्या भावाची मुलगी संगणकावर त्यांचंच वर्गीकरण करते. परवा ती आली होती. म्हणाली, "आत्या, मशीन हजारो तुकडे घराण्यांत लावतं गं, पण एक मोठा ढीग उरतोच. त्याच्यावर लेबल येतं, अज्ञात. वैताग नुसता." मी तिला म्हटलं, वैतागू नकोस, त्या ढिगाशी बोल. तिला वाटलं आत्याचं वय झालं. झालंच आहे. पण मी ज्यांच्यामुळे पुढे शिकले, दक्षिणेत गेले, जवळजवळ चाळीस वर्षं हेच करत राहिले, ती पिवळ्या बुडाच्या सतरांतली उरलेली तीन कणसं. तेवढीच एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या तीन कणसांचं बूड पिवळं होतं आणि तरीही त्यांच्यावर ठिपके होते. थोडेच, पण होते. पिशवी फाटून पांढऱ्या बापाचा पराग आत गेला असता, तर ठिपक्यांच्या खाली पांढरं दिसलं असतं. इथे हळदीसारखं पिवळं. पिवळ्याच्या हाकेला तर कुणी उठत नव्हतं. मग ह्यांना कुणी उठवलं? मी तीनही घरांत दोन-दोनदा जाऊन बघितलं. शेवटी मावशीने त्या बायांशी हुज्जत घातली, "पोर खायाला नाय मागत, पेरायला मागतंय. देवाचा बी पेरला तर पाप लागंल काय?" आणि प्रत्येकीने आपल्या हाताने कणसातून दहा-दहा दाणे काढून दिले. मी ते कागदात बांधून घेतले. का घेतले, हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पुढचा पावसाळा माझा नव्हता.

तिसऱ्या रविवारी आम्ही परतीच्या होडीत बसलो होतो. ऊन तिरकं झालं होतं, ओहोटी लागली होती, आणि तिवरांच्या मुळांत बगळे उभे होते. पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. अण्णांनी मांडीवर रजिस्टर उघडलं. एकतीस नावं, सुबक अक्षरात, आणि प्रत्येकापुढे शेरा. फक्त तीन ओळींत शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

"ह्यांच्यापुढे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? चूक आहे का?"

"चूक नाही, अण्णा. कारण कळत नाही. ते कळायला हे दाणे पेरून, पुन्हा पिशव्या बांधून बघावं लागेल. पुढच्या पावसाळ्यात." बोलून गेले आणि जीभ चावली. ठरलेली मुदत मला आठवत होती, त्यांनाही आठवत होती. मी पाण्याकडे बघायला लागले, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

अण्णांनी त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं. मग खिशातलं एक पेन काढून, होडी हलतेय म्हणून दुसऱ्या हाताने पान घट्ट धरून, त्यांनी तीनही ओळींत सावकाश लिहिलं: पुढील हंगामात. खाली तारीख घातली. सही केली.

"अर्धवट फाईल बंद करता येत नाही," ते म्हणाले.

मी पाण्यावरची नजर काढली. "आणि मुलुंडची मंडळी?"

अण्णांनी पेन खिशाला लावलं. "कळवतो त्यांना," ते म्हणाले, "मुलगी शेतावर असते म्हणून."